घडाच्या टोकाचा मणी

फेब्रुवारीत ऊन जरा टोचायला लागलं की नाशिकच्या रस्त्यांवर द्राक्षांच्या हातगाड्या उभ्या राहतात आणि दरवर्षी पहिल्याच गाडीवाल्याशी माझं वाजतं. तो घड उचलतो, देठाजवळचा टपोरा मणी तोडतो आणि पुढे करतो. "घ्या मावशी, साखर आहे साखर." मी तो मणी घेत नाही. घड त्याच्या हातातून काढून घेते आणि अगदी खालचा, टोकाचा, सगळ्यात बारका मणी तोडून तोंडात टाकते. परवाचा गाडीवाला तर चिडलाच. "एवढा घड सोडून तोच बरा दिसला तुम्हाला!" म्हटलं, तोच दिसतो मला. पंचेचाळीस वर्षं झाली, तोच दिसतो.

द्राक्षाचा घड वरून खाली पिकत जातो. देठाकडचे मणी आधी गोड होतात, टोकाचा सगळ्यात शेवटी. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. तो खोटं बोलत नाही बरं का. त्याने दिलेला मणी खरोखरच गोड असतो. फक्त अख्ख्या घडाची साक्ष तो त्या एका मण्याकडून काढून घेतो. मी संशयी बाई आहे. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, हे सगळ्यांना माहीत आहे आणि नवे पाळकसाहेब आले की कुणीतरी त्यांना हळूच तशी कल्पनाही देतं.

हा संशय मला सगुणाआत्याने दिला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लवकर विधवा झालेली, अक्षरओळख नसलेली, पण शास्त्रातले, म्हणजे बायबलातले, अध्यायच्या अध्याय तोंडपाठ असलेली. ती मखमलाबादला एका बागायतदाराच्या द्राक्षबागेत कामाला होती. मणी मोहरीएवढे झाले की घड विरळ करायचे, पुढे किडका मणी कात्रीने काढायचा, तोडणीला घड पेटीत भरायचे. शाळेला सुट्टी असली की मी तिच्याकडे जायची. मांडवाखाली हिरवा उजेड पडायचा. पानांना मारलेल्या मोरचुदाचा निळा डाग आत्याच्या पदरावर, कपाळावर, एकदा तर भाकरीवरही पाहिलेला मला आठवतो. तिथेच तिने मला शिकवलं, "वरचा मनी समदे खात्यात. बाग तोडायची का नाय, ते खालच्याला इचारायचं."

आमचं घर शहरात, देवळामागच्या चाळीत. बाबा शाळामास्तर, देवळाचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींपैकी एक, शिस्तीचे. आई मुकी नव्हती, पण बाबा बोलत असताना मुकीच असायची. आणि ताई. सुवार्ता तिचं नाव, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, गळा असा की रविवारी तिने वरचा सूर लावला की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या मान वळवून बघायच्या. ताईला अकराव्या वर्षापासून फिट यायची. गाता गाता, भांडी घासता घासता, रांगेत उभी असताना. शुद्धीवर आली की पहिल्यांदा कपडे सारखे करायची आणि मग विचारायची, "कोणी पाहिलं का गं?" पुढे एका डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडल्या. तपकिरी बाटली, छोट्या पांढऱ्या गोळ्या, रोज एक, चुकवायची नाही. बाटली तांदळाच्या डब्यामागे असायची. लग्नाच्या मुलीची गोष्ट, शेजारी कळायला नको. दोन वर्षं फिट आली नव्हती. ताई एकोणीस वर्षांची झाली होती, मी पंधराची.

त्या साली थंडी रेंगाळली होती. द्राक्षांना ती मानवत नाही म्हणून आत्या कुरकुरत होती, आणि देवळाच्या मैदानात कनात लागली होती. बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. महिनाभर, रोज संध्याकाळी सहाला सभा. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. कुणी विचारलं तर सांगणारही नाही. ते ठक असते तर हा लेख फार सोपा झाला असता. पण ते भले गृहस्थ होते. आमच्या चाळीत जेवायला आले की स्वतःचं ताट स्वतः घासायचे. शेजारच्या पांगळ्या आजोबांना त्यांनी दोन्ही हातांवर उचलून सभेला आणलं होतं. कुणाकडून काही घेतलं नाही. डोळे असे की माणसाला वाटावं, आपल्याकडे पहिल्यांदाच कुणी बघतंय. पंधराव्या वर्षी मला हे सगळं खटकत होतं. इतकं गोड कसं काय, असं वाटत होतं, आणि असं वाटतं म्हणून मीच वाईट, असंही वाटत होतं.

ते शिकवत ते ऐकायला खरंच गोड होतं. देव बाप आहे, बापाला लेकराचं दुखणं बघवत नाही, म्हणून विश्वासणाऱ्याच्या अंगात दुखणं राहूच शकत नाही. पहिल्या दोन पायऱ्या आमच्याच देवळाच्या, लहानपणापासून पायाखालच्या. तिसरी कधी आली ते कळायचंच नाही. आणि तिसरीवर उभं राहिलं की चौथी पुढ्यात यायची. दुखणं गेलं असा विश्वास आहे ना, मग गोळी कशाला? "पाय बरा झालेला माणूस कुबडी धरून चालतो का?" असं ते अगदी हळुवार आवाजात विचारत. कनातीखालून "नाही, नाही" असे आवाज येत. मीही एकदा नाही म्हणाले. मग लक्षात आलं की पाय बरा झाला हे अजून कुणी पाहिलेलंच नाही.

नवव्या की दहाव्या संध्याकाळी ताई उठली. हातात ती बाटली. तांदळाच्या डब्यामागची, शेजाऱ्यांना न दिसलेली बाटली तिने सगळ्या मंडळीदेखत पुढच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "प्रभूने मला बरं केलंय. मला आता याची गरज नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी हल्लेलूया म्हटलं, आणि बाबा, आमचे शिस्तीचे बाबा, रुमालात तोंड घालून ढसाढसा रडले. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. खरं सांगते, त्या क्षणी माझाही संशय विरघळला. बाप रडत असताना शंका घेता येत नाही.

नंतरचे दिवस आमच्या घरातले सगळ्यात आनंदाचे दिवस होते, हे लिहिलं पाहिजे. खोट्या शिकवणीची ही बाजू टीका करणारे सांगत नाहीत. आई मोठ्याने बोलायला लागली. बाबांनी ताईला निळी साडी आणली. चाळीतल्या बायका हळदीकुंकवाला जाता जाता आमच्या दारात थांबून ताईचा चेहरा बघायच्या. आणि एका दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना ताईने मला विचारलं, "तू सांग. मी बरी झालेय ना गं?" तिच्या आवाजात काहीतरी होतं. संशयी माणसाने ते पकडायला हवं होतं. मी म्हटलं, "हो." पकडलं असतं तर बोलावं लागलं असतं.

आमच्या मंडळीत हंगामाचा सण द्राक्षांबरोबर येई. ज्याच्या घरी जे पिकेल ते त्या रविवारी वेदीपुढे यायचं. गव्हाच्या ओंब्या, उसाची कांडकी, सायखेड्याकडच्या पाहुण्यांचे लाल कांदे, भाजीच्या जुड्या. द्राक्षांचे घड वेदीच्या कठड्याला दोऱ्याने टांगायचे. सगळे घड असे फिरवून टांगलेले असत की बिघडलेली बाजू मागे आणि देखणी बाजू मंडळीकडे. त्या रविवारी देवळात बागेचा, मातीचा आणि घामाचा वास कालवलेला असायचा. ताई निळ्या साडीत गायकमंडळीत उभी होती. दुसऱ्या गाण्याच्या मध्येच तिचा सूर तुटला. मी मान वर केली तोवर ती पडली होती.

आणि मग आमच्या मंडळीने काय करावं? कुणीतरी धावत जाऊन वेदीपुढच्या ढिगातला कांदा उचलला, बुक्कीने फोडला आणि ताईच्या नाकाशी धरला. आठ दिवसांपूर्वी ज्या लोकांनी डॉक्टरची गोळी म्हणजे अविश्वास असं ऐकून टाळ्या दिल्या होत्या, त्यांनीच देवाला वाहिलेला कांदा फिटवर औषध म्हणून वापरला. मला हसू आलं. बहीण जमिनीवर झटके देत होती आणि मला हसू आलं. ते हसू मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

घरी येईपर्यंत कुजबुज आमच्या आधी पोचली होती. देव खोटा नाही, शिकवण खोटी नाही, मग खोट कुठे? घरात. कुणाच्या तरी मनात. इथे मला त्या शिकवणीची पाठ दिसली. माणूस बरा झाला तर शिकवण खरी, नाही झाला तर माणूस खोटा. अशा शिकवणीला हरायची सोयच नाही. जी गोष्ट कशीही फिरवली तरी जिंकते, तिच्याकडे मी आजही पाठ करून बसत नाही.

बाबांनी उपास धरला. तीन दिवसांत ताईला आणखी तीन फिट आल्या. शेवटच्या वेळी दात लागून जीभ फाटली. तिसऱ्या संध्याकाळी बाबांनी आम्हाला चटईवर बसवलं. ताई भिंतीला टेकलेली, ओठ सुजलेले. बाबा म्हणाले, "या घरात अविश्वास कोणाचा आहे?" आईने डोळे मिटून घेतले. मी चष्म्याचा विचार करत होते. उपदेशकांना शास्त्र वाचायला चष्मा लागायचा, जाड भिंगांचा, आणि मी ते पहिल्या दिवसापासून टिपलं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं. मी म्हणाले, "माझा."

बाबांनी मारलं नाही. नुसतं बघितलं. म्हणाले, "आजपासून ताईच्या शेजारी अंथरूण घालू नकोस." पंधरा वर्षं मी त्या अंथरुणावर झोपले होते. फिट आली तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली उशी द्यायची, हे मला झोपेतही जमायचं. त्या घरात तिला कसं धरायचं हे सगळ्यात चांगलं ज्याला येत होतं, त्यालाच तिच्यापासून लांब केलं. आणि मला ते पटलं! मला खरोखर वाटलं की माझ्या डोक्यातली शंका माझ्या बहिणीची जीभ चावतेय.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या आली. डोक्यावर करंडी, करंडीत तोडणीतले उरलेसुरले घड. घरात उपदेशक बसले होते, ताईसाठी प्रार्थना करायला आले होते, दोन दिवसांचे उपाशी. आत्याने त्यांना सलाम केला, ताईचं तोंड पाहिलं, आणि मला मोरीत नेऊन सगळं विचारून घेतलं. मी रडत रडत सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "आत्या, त्यांना स्वतःला चष्मा आहे गं. मी आत्ता जाऊन सगळ्यांसमोर विचारते."

आत्याने माझं मनगट धरलं. "नाय इचारायचं. चष्मा त्यांचा हाय. उद्या बिनचष्म्याचा कोनी ईल आन् हेच सांगंल, मंग काय करशीन? मानसाला उघडं पाडून काय मिळत नाय पोरी. बोलायचं तर जे सांगतात त्याच्यावर बोल."

ती बाहेर येऊन चटईच्या कडेला बसली. करंडीतला एक घड उचलून तिने मांडीवर ठेवला.

"भाऊ, एक इचारू का?"

"विचारा ना, आक्का."

"तुमची शिकवन लय गोड हाय. मी चार दिवस आलते ऐकायला. पन आमी बागेत वरचा मनी खाऊन बाग तोडत नाय. खालचा खातो. या शिकवनीचा खालचा मनी कोनाच्या तोंडात पडतो, ते पाहिलं का तुमी?"

आत्याने हाताने ताईकडे दाखवलं.

"हिच्या. जी बरी झाली तिला टाळ्या. जी नाय झाली तिला दुखनं बी आन् पाप बी. जन्माच्या आंधळ्याला बघून शिष्यांनी इचारलं व्हतं ना, पाप कोनाचं म्हनून? तवा प्रभूने, आपल्या धन्याने, काय सांगितलं? याचं बी नाय, याच्या मायबापाचं बी नाय. मंग आमच्या या पोरीने काय पाप केलंय?"

बाबा म्हणाले, "आक्का, पुरे."

"आता पुरेच हाय यशवंत. ही पोर मेल्यावर तू काय सांगशील, हिचा इश्वास कमी पडला? भाऊ, वधस्तंभावर धन्याच्या ओठाला आंब, आंबलेली दारू, लावली व्हती. गोड नव्हतं दिलं कोनी. तो खालच्या मन्यापाशी हाय. तुमी त्याला वर कुठं शोधताय?"

उपदेशकांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, परत घातला. मग ते ताईजवळ गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि या वेळी प्रार्थना अगदी मनातल्या मनात केली. काय मागितलं कोण जाणे. जाताना आईकडे मागून पेलाभर पाणी प्याले. ते बदलले का, पुढच्या गावी त्यांनी तेच सांगितलं का, मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही. मला उत्तराची भीती वाटत होती, कोणत्याही उत्तराची.

ते गेल्यावर बाबा उठले आणि सायकल काढून बाहेर पडले. तासाभराने आले. हातात नवी तपकिरी बाटली. ती त्यांनी तांदळाच्या डब्यामागे ठेवली नाही. बाहेरच्या फळीवर, शास्त्राच्या शेजारी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी ठेवली. माफीचा एक शब्द ते बोलले नाहीत, ना मला ना ताईला. आयुष्यभर बोलले नाहीत. पण ती बाटली त्या फळीवरून कधी हलली नाही, आणि माझं अंथरूण त्यांनी स्वतःच्या हाताने ताईच्या शेजारी घातलं.

पाचसहा वर्षं गेली. ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं, बागांमधून बिनबियांची लांबट द्राक्षं आली होती, आत्याचं कंबरडं वाकलं होतं. पुन्हा हंगामाचा रविवार. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का? ताई उठली. म्हणाली, "मी मागे इथेच सांगितलं होतं की मी बरी झाले. ते खरं नव्हतं. मी रोज गोळी घेते. देव माझ्यावर रागावलेला नाही, एवढं मला कळलंय. एवढीच साक्ष." कुणी टाळी वाजवली नाही, हल्लेलूया म्हटलं नाही. बाबा पुढच्या बाकावर ताठ बसून होते. मग बायकांच्या बाजूने चाळीतल्याच एक बाई उठल्या. म्हणाल्या, "माझा धाकटा जन्मापासून ऐकत नाही, बोलत नाही. आम्ही त्याला देवळात आणत नव्हतो. लोक आमचं पाप शोधतील म्हणून." आणि त्या खाली बसल्या. पुढच्या रविवारी तो मुलगा देवळात होता.

आता तर शिकवणी फोनवर येतात. दर सकाळी कुणीतरी काहीतरी पाठवतं. विश्वास धर आणि घर होईल, बी पेर आणि दसपट घे, अमुक दिवस उपास कर म्हणजे परीक्षेत पास. पाठवणारे आपलेच असतात, प्रेमाने पाठवतात. मी कुणाशी भांडत नाही, कुणा सांगणाऱ्याची कुंडली काढत नाही. मी ते वाक्य मनातल्या मनात उचलून चाळीतल्या त्या बाईंपुढे नेते, दवाखान्यातल्या शेवटच्या खाटेपुढे नेते, आणि बघते की तिथे ते उच्चारायला तोंड धजावतं का. बहुतेक वेळा धजावत नाही.

पण संशयाची किंमतही मी मोजली आहे, ते लपवून चालणार नाही. ज्याला सवयच लागली, त्याला पिकलेलंही चटकन गोड लागत नाही. माझे यजमान आजारी असताना एक मैत्रीण रोज येऊन नुसती त्यांचा हात धरून प्रार्थना करायची. मी दारात उभी राहून तिचं वाक्य न् वाक्य तपासत असायची, कुठे चौथी पायरी येते का म्हणून. ती आली नाही. ती बाई फक्त प्रार्थना करत होती. माझंच आमेन राहून गेलं.

परवा ताई आली होती. ती नाशिक रोडला असते, सत्तरीकडे झुकलीये, गोळी अजून चालू. मी गाडीवाल्याशी भांडून आणलेली द्राक्षं धुऊन ताटलीत ठेवली. लहानपणी एका घडाचे दोन भाग व्हायचे, ती मोडायची आणि मला द्यायची. तिने आत्ताही तसंच मोडलं. खाता खाता त्या सालाचा विषय निघाला, कसा ते आठवत नाही. मी म्हटलं, "ताई, त्या गच्चीवर मी तुला हो म्हणाले. शंका होती तरी हो म्हणाले."

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"बाटली दिली त्याच्या तिसऱ्याच दिवशी मला फिट आली होती. छोटी. मोरीत. मग गच्चीवर, तू खाली गेल्यावर. रविवारच्या आधी चारपाच तरी आल्या असतील."

मी हे ओळखलं नव्हतं. मी, जी आयुष्यभर सगळ्यांच्या शब्दांचं टोक चाखत आले.

"मग बोलली का नाहीस?"

ती हसली. "आई गाणं म्हणायला लागली होती गं. बाबांनी साडी आणली होती. तुम्ही सगळे इतके आनंदात होता."

तिच्या हातात घडाचा खालचा भाग होता आणि माझ्या हातात वरचा. लहानपणापासून असाच असायचा, आणि मी ते कधी पाहिलंच नव्हतं. मी माझा भाग तिच्यापुढे ठेवला, तिच्या हातातला काढून घेतला आणि टोकाचा मणी तोडून खाल्ला. आंबट होता.